आमच्या घरात कोणी गाणारे नव्हते

(कोणत्याही कंपनीच्या करारावाचून स्वतःची गाणी स्वतःच करणाऱ्या कोल्हापुरातील रॅपर मुलांविषयी गेल्या अंकात लेख प्रसिद्ध झाल्यानंतर वाचकांची पुष्कळ पत्रे आली. त्यांतील काहींना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून छापलेली नाहीत.)

प्रश्न : माझा मुलगा 19 वर्षांचा असून बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचे वडील उद्यमनगरात लेथवर काम करतात. रात्री जेवणे झाली की तो गच्चीवर जातो आणि मोबाईलवर ठेका लावून स्वतःशीच पुटपुटत बसतो. विचारले तर ‘आई, रॅप करतोय’ म्हणतो. आमच्या घरात कोणी गाणारे नव्हते, वाजवणारे नव्हते. मग हे आले कोठून? वेळीच थांबवावे की चालू द्यावे? — एक आई, शिवाजी पेठ

उत्तर : ताई, घरात पेटी किंवा तंबोरा नव्हता एवढ्यावरून मुलाला काहीच वारसा मिळाला नाही, असे म्हणता येणार नाही. रॅपचा कच्चा माल म्हणजे बोलणे. शब्दाला वजन कोठे द्यायचे, श्वास कोठे चोरायचा, कोणते अक्षर ठासून म्हणायचे आणि कोणते गिळायचे, हा हिशेब मूल घरातल्या आणि गल्लीतल्या बोलण्यातून नकळत शिकत असते, आणि शिवाजी पेठेत वाढलेल्या मुलाला या शिक्षणाची वाण कधीच पडत नाही. खासबाग मैदानात कुस्ती लागली की हलगी कशी चढत जाते आणि निवेदक एका दमात पैलवानाचे गाव, तालीम, वस्ताद आणि डाव कसा सांगत सुटतो, हे त्याने लहानपणापासून ऐकले असणार. शाहू स्टेडियमवर पेठेचा फुटबॉल सामना असला की एकाने ओळ टाकायची आणि शेकडो जणांनी ती उचलायची, हेही त्याच्या कानात मुरलेले असणार. त्याच्या आजीला उखाणे किंवा जात्यावरच्या ओव्या येत असतील, तर त्यांतील किती त्याला पाठ आहेत, हे एकदा सहज विचारून पाहा. शिवाय वडिलांच्या लेथचा आवाज आहेच; एका लयीत फिरणाऱ्या यंत्राशेजारी ज्याचे बालपण गेले, त्याला ठेका वेगळा शिकवावा लागत नाही, असे मला वाटते.

हा प्रकार मुळात जन्मला तोही एका घरगुती निमित्तानेच. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेच्या नव्या कपड्यांपुरते पैसे सुटावेत म्हणून आपल्याच इमारतीत नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला आणि तबकड्या लावण्याचे काम भावाकडे सोपवले. जमैकातून आलेल्या कुटुंबातील हा भाऊ म्हणजे डीजे कूल हर्क. गाण्यातील ज्या तुकड्यावर नाचणाऱ्यांना सर्वाधिक जोर येतो, तो तुकडा दोन तबकड्यांच्या साहाय्याने लांबवत नेण्याची त्याची युक्ती आणि त्या ठेक्यावर बोलण्याची रीत, यांतून हिप-हॉप उभे राहिले; रॅप हे त्याचेच अंग. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर मुंबईच्या अंधेरीत वाढलेला विवियन फर्नांडिस, म्हणजे डिव्हाईन, याला या संगीताची ओळख शाळेतल्या एका मित्राच्या टी-शर्टवरील अमेरिकन रॅपरच्या चित्रामुळे झाली. सुरुवातीला तो इंग्रजीत रॅप करीत असे, परंतु आपल्या वस्तीच्या हिंदीत लिहू लागल्यावरच लोकांनी त्याला आपला मानले.

रॅपर म्हणजे घरातून दुरावलेला, रस्त्यावर वाढलेला मुलगा, अशी आपली समजूत झालेली असेल, तर शिकागोच्या चान्स द रॅपरची हकिकत आपण ऐकावी. त्याचे आईवडील दोघेही शासकीय वर्तुळात काम करणारे, आणि त्याला मोकळेपणाने म्हणून पाहण्याची जागा मिळाली ती शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात. तेथे किशोरवयीन मुलांसाठी एक दालन आहे, त्यात ध्वनिमुद्रणाची सोय आहे आणि ठरलेल्या दिवशी कोणीही उठून आपली रचना सादर करू शकतो. शाळेतून दहा दिवसांसाठी निलंबित झाल्यावर त्याने पहिल्या संग्रहाची गाणी हाती घेतली, ही गोष्ट आईच्या जिवाला घोर लावणारी आहे, हे मला कळते. तरीही त्या मुलाला त्या दिवसांत भरकटू न देणारे काहीतरी त्याच्या हाताशी होते, हे ध्यानात घ्यावे. पुढे कोणत्याही कंपनीशी करार न करता त्याने केवळ ऑनलाइन ऐकण्यासाठी काढलेल्या संग्रहाला 2017 साली सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून आहे, पेठापेठांत तालमी आणि तरुण मंडळांच्या इमारती आहेत. त्यांतील एखादी खोली महिन्यातून एका संध्याकाळी या मुलांना मिळाली, तर आपल्या मुलाला गच्चीवर अंधारात पुटपुटावे लागणार नाही. ही मागणी मी या स्तंभातून यापूर्वीही केली आहे आणि पुन्हा करीत राहीन, कारण ज्या शहराने मल्लाला मैदान दिले आणि नटाला रंगमंच दिला, त्या शहराला ही एक खोली जड नाही.

तेव्हा, थांबवू नये. मात्र शिक्षण सोडण्याचा विषय निघाला तर ठाम राहावे. जगदीश खेबुडकरांनी शिक्षकाची नोकरी करत करत गाणी लिहिली आणि त्या गाण्यांनी मराठी चित्रपट उजळला. पोटापाण्याची सोय असणे हे कलेच्या आड येते, असा अनुभव नाही. महागडा मायक्रोफोन इतक्यात घेऊन देऊ नका. त्यापेक्षा जेवणानंतर कधीतरी ‘आज काय लिहिलेस ते म्हणून दाखव’ असे त्याला सांगा आणि त्याच्या बाबांनाही बसवून घ्या. पहिल्यांदा तो लाजेल. ज्या ओळी आईबाबांसमोर म्हणताना त्याची जीभ अडखळेल, त्यांतील काही खरोखरच उसन्या असतील, कोणाच्या तरी गाण्यातली शिवी किंवा न पाहिलेल्या श्रीमंतीचा तोरा असेल, आणि त्या कोठल्या हे आपण न सांगता त्याचे त्यालाच कळेल. काही ओळी मात्र आपल्याला बोचतील आणि खऱ्याही असतील. त्या ऐकून घ्याव्यात, एवढीच विनंती.

प्रश्न : ज्या शहरात अल्लादिया खाँसाहेबांचे गाणे झाले आणि ज्या शहरात देवल क्लब आहे, तेथे या सूरहीन बडबडीला संगीत म्हणून मासिकात जागा का द्यावी? — निवृत्त शिक्षक, कसबा बावडा

उत्तर : गुरुजी, आपल्या प्रश्नामागे गाण्याविषयीची आस्था आहे, म्हणून सविस्तर लिहितो. अल्लादिया खाँसाहेब 1895 साली शाहू महाराजांच्या दरबारात आले. त्यापूर्वी अतिरिक्त गाण्यामुळे त्यांचा मूळचा आवाज बिघडला होता, आणि उरलेल्या आवाजाला पेलेल व शोभेल अशी गायकी त्यांनी बुद्धीने घडवली, हे आपणास ठाऊक असेलच. आवाजाचा गोडवा ही संगीताची एकमेव कसोटी मानली असती, तर जयपूर-अत्रौली घराण्याची ती गायकी आपल्यापर्यंत पोहोचलीच नसती.

दुसरे असे की, ठेक्यावर वेगाने बोलण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. अमृतरायांचे कटाव आठवावेत. अनुप्रासांची माळ लावत एका श्वासात धावणारी ती रचना कीर्तनकारांनी जपली. अनंत फंदींचा फटका आहे. आपल्याच जिल्ह्यातील गावोगावच्या भेदिक शाहिरीत कलगी आणि तुरा असे दोन पक्ष समोरासमोर उभे राहून रात्र रात्र एकमेकांना कोडी घालत आणि उत्तर न देता येणाऱ्याला भर सभेत मान खाली घालावी लागे. आजची मुले ज्याला ‘बॅटल’ म्हणतात, त्यात याहून निराळे काय घडते?

आता छंदाचे पाहू. रॅपमधील एका ‘बार’मध्ये चार ठोके असतात. प्रत्येक ठोक्याचे चार समान भाग केले की सोळा घरे होतात, आणि आपण वर्गात शिकवलेल्या पादाकुलक या मात्रावृत्ताच्या चरणातही सोळाच मात्रा असतात. वरच्या पत्रातील घर डोळ्यांपुढे ठेवून मी दोन ओळी जुळवल्या आहेत :

बाबा राबे, लेथ गरगरे,
चहा थंड अन् रात ओसरे.

मात्रा मोजून पाहाव्यात, प्रत्येक ओळीत आठ आणि आठ अशा सोळा भरतील. मिनिटाला 90 ठोके पडणाऱ्या बीटवर, म्हणजे साथीच्या ठेक्यावर, यांतील एक ओळ पावणेतीन सेकंदांच्या आत बसते. शाळेतल्या चालीवर म्हटल्यास त्या सरळ कविता वाटतील. रॅपर मात्र पहिले घर रिकामे सोडेल, ‘बाबा’ हा शब्द ठोक्याच्या किंचित मागे ढकलेल, नंतरचे शब्द दामटून ‘गरगरे’मधील शेवटचे अक्षर नेमके चौथ्या ठोक्यावर आणून ठेवेल, आणि दुसऱ्या ओळीतील ‘ओसरे’ त्याच जागी येऊन पडले की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलेल. ‘फ्लो’ म्हणतात तो हाच. समेवर येण्याचा जो आनंद आपण तबल्यात घेता, त्याच जातीचा हा आनंद आहे आणि त्यासाठी तितकाच रियाज लागतो.

2018 साली संगीताचे पुलित्झर पारितोषिक केंड्रिक लमार या रॅपरला देण्यात आले. अभिजात आणि जॅझ संगीताबाहेर ते प्रथमच गेले. पारितोषिकामुळे कला मोठी होत नाही हे मान्य आहे, आणि या प्रकारात सुमार गाणीही भरपूर आहेत. ती कोणत्या प्रकारात नाहीत? आपण शिक्षक आहात. आपल्या गल्लीतील एखाद्या मुलाला मात्रावृत्ते शिकवाल, तर त्याचे मोठे काम होईल.

प्रश्न : काका, मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आहे. पहिली पाळी संपली की लिहितो. हिंदीत लिहिले तर जास्त लोक ऐकतील असे मित्र म्हणतात. बीट यूट्यूबवरून उतरवून घेतो, ते चालते का? स्टुडिओला पैसे नाहीत. — वय 22

उत्तर : बाळा, तू स्वप्ने कोणत्या भाषेत पाहतोस आणि सुपरवायझरशी वाद झाला की मनातल्या मनात त्याला कोणत्या भाषेत उत्तर देतोस, याचा विचार कर, त्याच भाषेत लिही. अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरने राष्ट्रीय वाहिनीवरच्या रॅप स्पर्धेत मराठी ऐकवली. 2024 साली क्रेटेक्स आणि श्रेयस यांच्या मराठी गाण्यावर मराठीचा गंध नसलेले लोकही नाचले. तुझ्या पत्राच्या शेवटी तू भट्टीतून ओतल्या जाणाऱ्या लोखंडाविषयी चार ओळी लिहिल्या आहेस, आणि साच्यात रस सोडताना सगळे गप्प होतात, कोणी कोणाला हाक मारत नाही, असे त्यात म्हटले आहे. ती शांतता ज्याने तेथे उभे राहून अनुभवली तोच लिहू शकतो. तुझ्या हिंदी ओळींत मात्र बंदूक आहे, महागडी गाडी आहे. त्या वहीतच राहू देत.

बीटविषयी नीट समजून घे. यूट्यूबवर ‘फ्री’ असे लिहिलेले असले तरी बहुधा त्याचा अर्थ केवळ सरावापुरते किंवा पैसे न कमावता वापरण्यापुरते फुकट, असा असतो. गाणे अधिकृतपणे प्रसिद्ध करायचे असेल, तर ती बीट करणाऱ्याकडून परवाना घ्यावा लागतो. ‘लीज’, म्हणजे मर्यादित वापराचा परवाना, स्वस्त असते, पण तीच बीट तो इतरांनाही देऊ शकतो आणि किती वेळा गाणे ऐकले जाईपर्यंत ती चालेल, याला मर्यादा असते. पूर्ण हक्क घेतल्यास ती पुढे इतरांना दिली जात नाही, पण खर्च बराच येतो. परवान्याचा ईमेल जपून ठेव, कारण उद्या यूट्यूबच्या यंत्रणेने तुझ्या गाण्यावर हरकत घेतली तर तोच पुरावा आहे. याहून चांगला मार्ग म्हणजे तुझ्याच वयाचा, संगणकावर बीट बनवणारा एखादा मुलगा शोधून त्याच्या जोडीने वाढणे. एखाद्या हलगीवाल्याला बोलावून त्याचा ठेका ध्वनिमुद्रित करून घेतलास आणि त्याला त्याचे मानधन व श्रेय दिलेस, तर तुझ्या गाण्याला दुसऱ्या कोणाकडेही नसलेला आवाज मिळेल.

स्टुडिओवाचून अडत नाही. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने 2014 साली आपले पहिले गाजलेले गाणे आयपॅडवरच मुद्रित आणि चित्रित केले होते. खोलीच्या उघड्या भिंतींवरून आवाज आपटून परत येतो आणि मुद्रण पोकळ वाटते, म्हणून दोन-तीन जाड वाकळा दोरीवर टाकून तीन बाजूंनी आडोसा कर. पंखा बंद ठेव, कानांत हेडफोन घालूनच बीट ऐक म्हणजे ती मुद्रणात मिसळणार नाही, आणि माईकपासून एक वीत अंतर ठेवून तोंड किंचित बाजूला कर. ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना सुटणारी हवा थेट माईकवर आदळली की भदाभदा आवाज येतो आणि तो नंतर सहजासहजी काढता येत नाही.

आणि एक गोष्ट तू विचारलेली नाहीस, तरी सांगतो. 85 डेसिबलहून अधिक आवाजात रोज आठ तास काढले, तर ऐकण्याची शक्ती कायमची कमी होऊ शकते. फाउंड्रीत काम करताना कानांत बोळे घालत जा, कोणी हसले तरी घाल. तुझे कान हेच तुझे वाद्य आहे.

प्रश्न : मी 20 वर्षांची आहे. शास्त्रीय गाणे शिकायला घरातून पूर्ण परवानगी आहे, पण रॅप म्हटले की ‘मुलींचे काम नव्हे’ असे ऐकावे लागते. रंकाळ्यावर मुले घोळका करून म्हणतात, तेथे उभे राहायला संकोच वाटतो. — राजारामपुरी

उत्तर : संकोच वाटणे स्वाभाविक आहे आणि तो दूर करण्याची जबाबदारी तुझ्याइतकीच त्या घोळक्यातील मुलांचीही आहे, हे वाचणाऱ्या मुलांनी लक्षात घ्यावे. जात्यावर बसून सासरचे गाऱ्हाणे, भावाची माया आणि विठ्ठलाशी भांडण ज्यांनी ओव्यांत घातले, त्या बायका ठेक्यावर स्वतःचे आयुष्यच सांगत होत्या, असे घरच्यांना सांग. 2015 साली सोफिया अश्रफ या तरुणीने कोडाईकनालच्या कारखान्यातील पाऱ्याच्या प्रदूषणावर रॅप केले आणि कामगारांनी अनेक वर्षे चालवलेल्या लढ्याकडे देशाचे लक्ष वळले. पुढच्याच वर्षी माजी कामगारांशी तडजोड झाली.

शास्त्रीय शिक्षण सोडू नकोस. श्वासावरचा ताबा आणि लयीची समज तुला तेथे मिळते आहे, जी त्या घोळक्यातील बहुतेकांकडे नसेल. एखाद्या मैत्रिणीला बरोबर घेऊन जा, सुरुवातीला फक्त ऐक, आणि म्हणशील तेव्हा घरी बोलतेस तसेच म्हण. घरी कोल्हापुरी वळणाने ‘मी आलो, मी गेलो’ असे बोलत असशील, तर ओळीतही ते तसेच येऊ दे.

प्रश्न : मुलगा ‘स्वतंत्र कलाकार’ आहे असे सांगतो. यात उत्पन्न कोठून येते आणि फसवणूक कोठे होऊ शकते? — एक वडील, गडहिंग्लज

उत्तर : स्वतंत्र कलाकाराचे गाणे श्रोत्यांपर्यंत पोहोचवण्यासाठी वितरक कंपन्या असतात. वर्षाचे शुल्क किंवा उत्पन्नातील वाटा घेऊन त्या ते सर्व ॲपवर चढवतात आणि गाण्याची मालकी कलाकाराकडेच राहते. आरंभी यातून मिळणारे पैसे फारच थोडे असतात, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. 2024 पासून स्पॉटिफायवर एखादे गाणे बारा महिन्यांत किमान 1000 वेळा ऐकले गेल्याशिवाय त्याची रक्कम मिळत नाही. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नातील वाटा हवा असेल, तर 1000 सबस्क्रायबर आणि मोठ्या व्हिडिओंचे वर्षभरात 4000 तासांचे प्रेक्षण, ही सर्वसाधारण अट आहे. म्हणून बहुतेकांचा खरा आधार कार्यक्रम, जाहिरातींसाठी केलेले लेखन किंवा इतर नोकरी हाच असतो.

फसवणूक बहुधा सहीच्या वेळी होते. ‘आम्ही तुझे गाणे मोठे करतो’ असे सांगून कायमची मालकी लिहून घेणारा कागद पुढे आला, तर त्या दिवशी सही करू नये, वकिलाला दाखवावा. प्रताधिकार कायद्यात 2012 साली झालेल्या दुरुस्तीनुसार गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनातील (रॉयल्टीतील) समान वाट्याचा हक्क सहसा कोणाला लिहून देता येत नाही. ते वसूल करण्यासाठी 1969 पासून काम करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचे सभासद होता येते. मुलगा स्वतःची गीते लिहीत असल्याने त्याने अर्ज करावा.

जवळच्या मित्रांत होणारे गैरसमज मी याहून अधिक पाहिले आहेत. गाणे चालले नाही तोवर सगळे भाऊ असतात. चालले की शब्द कोणाचे, बीट कोणाची, हुक (पुन्हा पुन्हा येणारी धृपदासारखी ओळ) कोणी सुचवले, यावरून अबोला होतो. प्रत्येक गाणे प्रसिद्ध करण्याआधी साध्या कागदावर कोणाचा किती टक्के वाटा ते लिहून, तारीख घालून, सर्वांनी सह्या करायच्या आणि त्याचा फोटो प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ठेवायचा, एवढी सवय आपण मुलाला आजच लावावी.